तीन दळांचें काटेरी लिंबू

बीड जिल्ह्यांतील परळी येथें महाशिवरात्रीच्या दिवशीं वैजनाथाच्या पिंडीवर बेलाच्या पानांचा ढीग होतो. पहांटेपासून रांगेंत उभ्या राहिलेल्या मंडळींच्या हातांत तींच तीन दळें, आणि रानांतून बेल तोडून आणणाराच्या बोटांवर त्याच झाडाच्या काट्यांचे ओरखडे. एवढ्या परिचयाच्या या पानाविषयीं एक गोष्ट मात्र पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि ठाऊक नसते. बेलाचें ताजें पान उजेडासमोर धरून पाहावें. सुईच्या अग्रानें टोंचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके त्यांत दिसतात. फोडणीला घालतात त्या कढीलिंबाच्या पानांत तेच ठिपके. अंगणांतल्या लिंबाच्या पानांत तेच. कवठाच्या पानांतहि तेच. हे ठिपके म्हणजे सुगंधी तेलाच्या सूक्ष्म पिशव्या होत, आणि पान चुरगळलें कीं वास येतो तो त्यांचा. या व अशाच दुसऱ्या खुणांवरून वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बेल, कवठ, कढीलिंब, लिंबू, संत्रें आणि मोसंबी यांना एकाच कुळांत बसविलें आहे. वैजनाथाला वाहिलेलें पान आणि गेवराईच्या बागेंतून आजाऱ्यासाठीं आणलेलें मोसंबें हीं अशा रीतीनें एकमेकांचीं नातलग ठरतात.

याच कुळांत, बेलासारखींच तीन दळें, बेलासारखेच काटे आणि बेलासारखीच पानगळ असलेलें एक झुडूप चीनच्या उत्तर व मध्य भागांत आणि कोरियांत वाढतें. मराठींत त्याला रूढ नांव नाहीं, कारण महाराष्ट्राच्या रानावनांत तें कधीं नव्हतें. सोयीसाठीं त्याला त्रिदळी लिंबू म्हणावें. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७६३ सालीं त्याला ‘सिट्रस ट्रायफोलिएटा’ असें नांव दिलें. त्याचा अर्थहि तीन पानांचें लिंबू असाच होतो. पुढें कांडोल या शास्त्रज्ञानें त्याला लिंबाच्या गोत्रांतून काढून थेट बेलाच्या गोत्रांत घातलें आणि ‘एगल सेपियारिआ’ म्हटलें. एगल हें बेलाचें शास्त्रीय गोत्र, आणि सेपियारिआ म्हणजे कुंपणाचा. म्हणजे कांहीं काळ हें झुडूप शास्त्राच्या पोथींत ‘कुंपणाचा बेल’ म्हणून नांदत होतें. १८३८ सालीं राफिनेस्क यानें त्याच्यासाठीं ‘पाँसिरस’ असें स्वतंत्र गोत्र काढलें, आणि अलीकडे पुष्कळ शास्त्रज्ञ त्याला पुनः लिंबाच्या गोत्रांत आणून बसवीत आहेत. दत्तक देण्याघेण्याची ही हौस विद्वानांची; झुडुपाचे काटे तेवढेच राहिले.

आणि काटे खरोखरच पाहण्यासारखे आहेत. दीड-दोन इंच लांबीचे, बुडाशीं चपटे आणि फांदीसारखेच हिरवेगार. हिंवाळ्यांत पानें झडून गेलीं तरी फांद्या आणि काटे हिरवेच राहतात. वसंतांत, पालवी फुटण्यापूर्वींच, त्या उघड्या काटेरी फांद्यांवर पांढरीं सुवासिक फुलें येतात. फळ लहान लिंबाएवढें, पिकल्यावर पिवळें, पण त्याच्या सालीवर बारीक लव असते. हात फिरविला तर मखमलीचा भास होतो. सुवास उत्तम. कापलें कीं आंत बियाच बिया आणि थोडा रस, तोहि आंबट, कडवट आणि राळेसारखा चिकट. लिंबू-संत्र्याच्या वर्गांतील बहुतेक झाडें सदाहरित असून गोठणबिंदूच्या खालीं पारा चार-सहा अंश उतरला कीं त्यांची वाताहत होते. हें झुडूप मात्र पानें टाकून निजून राहतें आणि शून्याखालीं वीस अंशांच्या आसपासची थंडीहि सोसतें.

अशा झुडुपाचा उपयोग काय? पहिला उपयोग अर्थात् कुंपणाचा. जपानांत त्याला ‘कारातचि’ म्हणतात. चीनमधून आलेलें ‘ताचिबाना’, म्हणजे चिनी संत्रें, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. कारातचीच्या फुलांवर किताहारा हाकुश्यू यांनीं लिहिलेलें आणि यामादा कोसाकु यांनीं १९२५ सालीं स्वरबद्ध केलेलें गीत जपानी घरोघरीं ठाऊक आहे. कोरियांत या कुंपणाचा इतिहास अधिक कठोर आहे. तेथील कांग्ह्वा बेटावर किल्ल्याच्या तटाखालीं शत्रूला चढतां येऊं नये म्हणून हीं झुडुपें लावीत. त्यांतील सुमारें चारशें वर्षांचीं मानलीं जाणारीं झाडें आजहि राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेलीं आहेत. जोसोन राजवटींत तर हद्दपारीच्या शिक्षेचा एक प्रकारच या काट्यांवर उभा होता. अपराधी अधिकाऱ्याला दूरच्या बेटावर पाठवून त्याच्या झोंपडीभोंवतीं त्रिदळी काट्यांचें कुंपण घालीत, आणि त्या कुंपणाबाहेर पाऊल टाकण्याची त्याला मनाई असे. किम जोंग-हुई हा थोर पंडित व सुलेखनकार १८४० सालीं जेजू बेटावर असाच कोंडला गेला. तेथेंच १८४४ सालीं त्यानें हिंवाळ्यांतील एका घराचें आणि चार वृक्षांचें तें चित्र काढलें, जें आज कोरियाच्या कलेचा मानदंड समजतात. त्याच्या भोंवतीं कोणतें झाड होतें, हें ठाऊक झाल्यावर त्या चित्रांतील गारठा अधिकच जाणवतो.

फळांचा उपयोग मर्यादित. चीन व कोरियांत कोंवळीं फळें वाळवून पोटाच्या तक्रारींवरील काढ्यांत घालतात. साखरेच्या बळावर त्यांचा मुरंबाहि होतो. पण कडवटपणा घालविण्यास लागणारी साखर पाहतां तो मुरंबा झुडुपाचा कीं उंसाचा, असा प्रश्न पडावा.

या झुडुपाची खरी किंमत मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. ती जमिनीखालीं आहे. तिचा मागोवा घ्यावयाचा तर एका जुन्या चिनी गोष्टीपासून आरंभ करणें बरें. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकांत ची राज्याचा येन यिंग नांवाचा बुटका पण हजरजबाबी प्रधान चू राज्याच्या दरबारीं वकिलीला गेला. त्याचा पाणउतारा करावा म्हणून तेथील राजानें मेजवानी चालू असतां एका मुसक्या बांधलेल्या माणसाला समोर आणविलें. हा कोण, असें विचारतां शिपाई म्हणाले कीं ची राज्यांतील चोर आहे. तुमच्याकडील लोक असेच का, असें राजानें हंसून विचारलें. येन यिंगनें उत्तर दिलें तें संत्र्याचें. ह्वाय नदीच्या दक्षिणेस लावलेलें संत्र्याचें झाड संत्रीं देतें. तेंच नदीच्या उत्तरेस लावलें तर त्रिदळी लिंबू होऊन बसतें. पानें सारखीं दिसलीं तरी चव निराळी. पाणी आणि माती निराळी, एवढेंच कारण. हा माणूस आमच्याकडे असतां चोरी करीत नव्हता. इकडे येऊन करूं लागला, तेव्हां दोष येथील पाण्याचा तर नसेल? राजा ओशाळला, असें ती कथा सांगते.

गोष्ट चातुर्याची खरी, पण संत्र्याचें झाड दुसऱ्या जातीचें कसें होईल? त्याचा एक उलगडा कलमाच्या विद्येंत सांपडतो. हान येन-चि नांवाच्या अधिकाऱ्यानें ११७८ सालीं वेन्चौ प्रांतांतील संत्र्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यांत एका जातीच्या खुंटावर दुसऱ्या जातीचें कलम बांधण्याची कृति दिलेली आहे. त्रिदळी खुंटावर बांधलेलें संत्र्याचें कलम उत्तरेच्या थंडींत नेलें, तर वरचें संत्रें गोठून मरेल आणि खालचा चिवट खुंट वसंतांत पुनः फुटेल. मालकाला वाटेल कीं संत्र्याचें कडू लिंबू झालें. येन यिंगच्या काळीं ही विद्या कितपत पसरली होती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पुढच्या शतकांतून ही म्हण टिकून राहिली याचें कारण असेच अनुभव असावेत.

ह्वाय नदीवर घडणारी ही गोष्ट गोदावरीच्या कांठींहि घडते. गेवराई-माजलगांवच्या पट्ट्यांत मोसंबीची बाग असलेल्या कोणाहि शेतकऱ्याला पाणसोट हा शब्द विचारावा. झाडाच्या बुंध्यांतून सरळ, जोमदार, काटेरी फुटवे निघतात त्यांना पाणसोट म्हणतात. त्यांतले जे डोळा भरल्याच्या जागेखालून निघतात ते मोसंबीचे नसतात; ते खालच्या जंबेरीचे असतात. दोन वर्षें त्यांकडे लक्ष गेलें नाहीं, तर ते मोसंबीला मागें टाकून वर चढतात, आणि पुढें त्या झाडाला खडबडीत सालीचीं, आंबट, बाजारांत कवडीमोल अशीं फळें लागूं लागतात. बाग बिघडली, बेणें खोटें निघालें, असा आक्रोश होतो. वास्तविक बेणें खोटें नसतें; झाडानें आपलें खालचें खरें रूप वर आणलेलें असतें.

शहरांतील वाचकांच्या ध्यानांत यावें म्हणून हें थोडें उकलून सांगितलें पाहिजे. मोसंबीची बी पेरून बाग करतां येते, पण अशीं झाडें फार काटेरी होतात, फळावर यायला फार वर्षें घेतात, आणि मोसंबीचीं स्वतःचीं मुळें ओल धरणाऱ्या जमिनींत लवकर कुजतात. १८४० च्या सुमारास अटलांटिक महासागरांतील अझोर बेटांवर अशाच बिजावरच्या संत्र्यांच्या बागा बुंध्याला डिंक येऊन उद्ध्वस्त झाल्या, आणि तेव्हांपासून चिवट खुंटावर कलम करण्याचा प्रघात जगभर दृढ झाला. रोपवाटिकेंत जंबेरीचें रोप पेन्सिलीएवढें जाड झालें कीं जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर त्याच्या सालीला चीर देऊन त्यांत मोसंबीचा एक डोळा बसवितात. डोळा फुटला कीं वरचा जंबेरीचा शेंडा छाटतात. त्यापुढें त्या झाडाचें आयुष्य दोघांच्या भागीदारीवर चालतें. फळ वरच्याचें, पण पाणी कोठून आणावयाचें, चुन्याशीं कसें वागावयाचें, रोगाला तोंड कसें द्यावयाचें हें सारें खालच्याच्या हातीं. बाजारांत मोसंब्याची पाटी पाहून कोणी खुंटाची चौकशी करीत नाहीं. बाग मरते तेव्हां मात्र बहुधा ती खालून मरते.

बीड जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष बिकट आहे. उत्तरेस गोदावरी, मधून बालाघाटच्या डोंगररांगा, आणि पाऊस सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आंतबाहेर, तोहि लहरी. नदीकांठच्या तालुक्यांत खोल काळी जमीन. ती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत पाणी धरून बसते. फूट-दोन फूट खणलें कीं पुष्कळ ठिकाणीं चुनखडीचे पांढरे खडे लागतात. अशा जमिनींत मोसंबीला दोन्ही बाजूंनीं मरण आहे. भाद्रपदांत पाणी साचलें तर बुंध्याला डिंक्या होऊन साल कुजते. ज्येष्ठांत विहीर आटली तर मूळ वाळतें. २०१२ सालचा पाऊस चुकल्यावर पुढच्या उन्हाळ्यांत जालना, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) आणि बीड या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनें पाणी घालून झाडें जगविणारे शेतकरी होते, आणि हिशेब करून कुऱ्हाड घालणारेहि होते. आठ-दहा वर्षें मुलासारखें वाढविलेलें झाड तोडावयाचें म्हणजे काय, हें आंकड्यांनीं सांगतां येत नाहीं.

मग मोसंबीला अधिक चांगला खुंट नाहीं का? महाराष्ट्रांत मुख्यतः जंबेरी वापरतात. ती जोमदार, खोल मुळ्यांची, कोरड सोसणारी आणि फळावर लवकर आणणारी. पण डिंक्यापुढें ती हात टेकते, आणि मुळांवर राहणाऱ्या सूत्रकृमींपुढेंहि. रंगपूर लिंबू हा दुसरा खुंट. कोरड तो सोसतोच, शिवाय चुना आणि खारवटपणाहि बराच सोसतो. मात्र त्याच्या सालीला भेगा पाडणारा एक स्वतंत्र रोग आहे, आणि तो दूषित डोळ्यांबरोबर येतो. भूमध्य समुद्राच्या कांठावर शतकानुशतकें वापरलेला आंबट संत्र्याचा खुंट चुना सोसतो, डिंक्याहि सोसतो. तेव्हां तोच सर्वोत्तम असें जगाला वाटत होतें. पण १९३० नंतरच्या दशकांत अर्जेंटिना व ब्राझील या देशांत त्या खुंटावरचीं लक्षावधि झाडें कांहीं वर्षांत वाळून गेलीं. तेथील लोकांनीं त्या रोगाला ‘त्रिस्तेझा’, म्हणजे खिन्नता, असें नांव दिलें. १९४६ सालीं ब्राझीलमध्यें मेनेगिनी यांनीं दाखवून दिलें कीं काळा मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो.

येथें त्रिदळी लिंबाचा प्रवेश होतो. त्रिस्तेझाचा विषाणु त्याच्या अंगांत रुजतच नाहीं. डिंक्या आणणारी बुरशी त्याच्या मुळांना सहसा जिंकीत नाहीं. सूत्रकृमीलाहि तें बरेंच दाद देत नाहीं. त्याच्यावर बांधलेल्या झाडाचें फळ अधिक गोड आणि रसाळ होतें, हें जपानी बागाईतदारांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. तेथील मिकान संत्र्यांच्या बहुतेक बागा याच खुंटावर उभ्या आहेत. त्याच्या ‘फ्लाइंग ड्रॅगन’ नांवाच्या वेड्यावांकड्या काट्यांच्या वाणावर तर झाड मुळीं ठेंगणेंच राहतें, त्यामुळें फळें जमिनीवर उभें राहून तोडतां येतात. आणखी एक गुण रोपवाटिकेच्या उपयोगाचा. जंबेरीचा फुटवा आणि मोसंबीचा फुटवा यांतील फरक नवख्याला कळत नाहीं, कारण दोघांचीहि पानें एकेरी. त्रिदळी खुंटाचा फुटवा मात्र तीन दळांमुळें लहान मुलालाहि ओळखूं येतो.

इतके गुण ऐकल्यावर बीडच्या शेतकऱ्यानें उद्यांच हें झुडूप मागवावें असें वाटेल. तसें केल्यास तो फसेल. त्याचीं कारणें समजून घेण्यासारखीं आहेत.

एक तर या झुडुपाची जी सर्वांत मोठी कीर्ति, म्हणजे थंडी सोसण्याची, ती बीडमध्यें निरुपयोगी आहे. तेथील कडाक्याच्या पौषांतहि पारा गोठणबिंदूपर्यंत जात नाहीं. दुसरें असें कीं त्याचीं मुळें फार खोल जात नाहींत. ओल टिकवून धरणाऱ्या थंड मुलुखांत तें चालतें, पण चैत्र-वैशाखांत चार-चार हात भेगा पडणाऱ्या जमिनींत चालत नाहीं. आणि तिसरें, जें निर्णायक आहे, तें म्हणजे चुना. झाडाला हिरवेपणासाठीं लोह लागतें. चुनखडीच्या जमिनींत लोह असतें, पण तें अशा स्वरूपांत बांधलेलें असतें कीं मुळांना सहज उचलतां येत नाहीं. कांहीं जातींचीं मुळें आसपासच्या मातींत आम्ल सोडून किंवा अन्य युक्तीनें तें सोडवून घेतात. त्रिदळी लिंबाला ही युक्ति फारशी साधत नाहीं. मग नवीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, शेंडे वाळतात आणि झाड उपाशी माणसासारखें खंगत जातें. घर अन्नानें भरलेलें, पण कुलपांत. खाऱ्या पाण्याशींहि त्याचें जमत नाहीं, आणि बीडच्या कित्येक विहिरींचें उन्हाळ्यांतील पाणी कसें असतें हें तेथील गृहिणींना डाळ शिजवितांना कळतेंच.

येन यिंगचें उत्तर येथें उलट बाजूनें खरें ठरतें. पाणी आणि माती यांपुढें नुसते गुण चालत नाहींत.

तथापि हें झुडूप स्वतः चाललें नाहीं तरी त्याची संतति चालूं शकेल, असा विचार अमेरिकेंत सव्वाशें वर्षांपूर्वींच सुरू झाला. १८९४ च्या डिसेंबरांत आणि लगेच १८९५ च्या फेब्रुवारींत फ्लॉरिडा प्रांतांत दोन भयंकर गारठे पडले. पहिल्यानें पानें व फळें गेलीं. मध्यें हवा उबदार होऊन झाडें पालवलीं, आणि दुसऱ्यानें तीं बुंध्यापर्यंत फुटलीं. गांवेंच्या गांवें ओसाड झालीं. त्यानंतर वेबर आणि स्विंगल या सरकारी शास्त्रज्ञांनीं १८९७ पासून गोड संत्र्याचा आणि त्रिदळी लिंबाचा संकर करण्यास आरंभ केला. थंडी सोसणारें गोड संत्रें मिळावें ही त्यांची इच्छा. थंडी सोसणारीं झाडें मिळालीं, पण फळें बहुतेक आईबापांपैकीं वाईटाच्या वळणावर गेलेलीं, कडवट. या संकराला त्यांनीं ‘सिट्रेंज’ असें जोडनांव दिलें. फळ म्हणून तो प्रयत्न फसला. पण पुढें कित्येक वर्षांनीं ध्यानांत आलें कीं त्यांतील ट्रॉयर व कॅरिझो या जाति खुंट म्हणून उत्तम आहेत, आणि आज कॅलिफोर्नियापासून स्पेनपर्यंत त्यांच्यावर संत्रीं डोलत आहेत. ज्या कामासाठीं मूल जन्माला घातलें त्यांत तें नापास व्हावें आणि भलत्याच कामांत पहिलें यावें, हा अनुभव शाळांतूनहि अपरिचित नाहीं. २००५ सालीं फ्लॉरिडांत झाडें पिवळीं पाडून मारणारा ‘ग्रीनिंग’ रोग आढळला, तेव्हांपासून तर या कुळांतील संकरांकडे तेथें पुनः मोठ्या आशेनें पाहिलें जातें.

या संततींतहि बापाचा दोष उतरलेला आहे. कॅरिझोला चुना त्रिदळीइतका जाचत नाहीं, पण जाचतोच. म्हणून स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळच्या मोंकादा येथील संशोधनसंस्थेंत फॉर्नर यांनीं निराळी सोयरीक जमविली. त्रिदळी लिंबाचा संकर त्यांनीं क्लिओपात्रा नांवाच्या लहान संत्र्याशीं केला. हें संत्रें चुना आणि क्षार सोसण्याबद्दल प्रसिद्ध, आणि तें मूळचें भारतांतलें असावें असें मानतात. या संकरांतून निघालेला ‘फॉर्नर-अल्काइडे पांच’ हा खुंट त्रिस्तेझाला दाद देत नाहीं आणि चुनखडीच्या व खारवट जमिनींतहि बरा वाढतो. स्पेनच्या चुनखडीशीं बीडच्या चुनखडीचें साम्य आहे. तेथील पावसाळा आणि बीडचा पावसाळा यांत मात्र साम्य नाहीं. तेव्हां तो खुंट डोळे मिटून उचलावा असें नाहीं. पण भारतीय मातापित्यांपासून अशी संतति निर्माण करतां येते एवढें त्यावरून सिद्ध होतें. नागपूर येथें १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे, परभणीला १९७२ पासून मराठवाड्याचें कृषि विद्यापीठ आहे. एका खुंटाची परीक्षा म्हणजे रोप, बाग, बहर, दुष्काळ आणि अतिवृष्टि हें सारें पाहणें. त्याला पंधरा-वीस वर्षें लागतात. एवढा धीर सरकारी अंदाजपत्रकांत क्वचित असतो, आणि कर्ज काढून बाग लावणाऱ्या शेतकऱ्याजवळ तर तो असूंच शकत नाहीं.

तोंपर्यंत बीडच्या मोसंबीला जंबेरी आणि रंगपूर यांवरच निर्वाह करावा लागणार, आणि त्यांचे दोष माहीत असले तर तो करतांहि येतो. कलम विकत घेतांना वरचा पानोरा न पाहतां डोळा कोठें भरला आहे तें पाहावें. तो जमिनीच्या अगदीं लगत असेल तर तें कलम स्वस्त असलें तरी परत करावें. लावतांना तो सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे. पाणी बुंध्याला लागूं नये म्हणून बुंध्याभोंवतीं मातीची एक लहान बांगडी करून पाणी तिच्या बाहेरच्या आळ्यांत सोडतात. या दुहेरी बांगडीच्या पद्धतीला खर्च कांहींच नाहीं, आणि डिंक्याचें निम्मेंअधिक भय तिनें टळतें. पावसाळ्यापूर्वीं व नंतर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचें बोर्डो मलम बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत लावावें. चुनखडी वर आलेल्या जमिनींत मात्र मोसंबीचा हट्टच धरूं नये. बालाघाटच्या हलक्या मुरमाड जमिनींत सीताफळ आपण होऊन येतें, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे.

शहरांतील घरांशीं या साऱ्याचा संबंध एका कुंडीपुरता येतो. पुष्कळ गच्च्यांवर आणि परसांत रोपवाटिकेंतून आणलेलें मोसंबीचें, संत्र्याचें किंवा लिंबाचें कलम असतें. तीन-चार वर्षांनीं तें एकाएकीं फार जोमानें वाढूं लागतें, काटे मोठे येतात, पानें रुंद होतात, आणि घरांतील मंडळी आनंदित होतात. अशा वेळीं कुंडीपाशीं बसून तो जोमदार सोट बुंध्यावर कोठून निघाला आहे तें बोटानें चांचपून पाहावें. सांध्याची जागा किंचित् वांकडी आणि फुगीर असते, ती सहज लागते. सोट तिच्या खालून निघाला असेल तर तो कितीहि देखणा दिसला तरी बुंध्याशीं खरडून काढावा, अर्धवट छाटूं नये. छाटल्यास एकाचे चार होतात. जखमेवर थोडें बोर्डो मलम लावलें कीं पुरे.